शेतकाम करताना डोळ्याला होणारी इजा : फूल पडण्यापूर्वीची काळजी

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात कामाची एकच घाई उडते. वैजापूरकडे बाजरीची मळणी चालू असते, सिल्लोड, कन्नड, फुलंब्री भागात मका काढणीला आलेला असतो, कपाशीची वेचणी सुरू झालेली असते आणि ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतात. पुढे थंडीत तूर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्वारी, गहू. या प्रत्येक कामात डोळ्यासमोर काही ना काही टोकदार किंवा धारदार असतेच. उसाचे पान, गव्हाचे कुसळ, बाजरीच्या कणसाचा भुसा, वाकून काम करताना लागणारे तुरीचे धसकट किंवा पऱ्हाटीची काडी. हातापायाला अशी जखम झाली तर आपण हळद लावून मोकळे होतो. डोळ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

चित्र बहुधा असे असते. मक्याचे पान सपकन डोळ्याला लागते. पाणी येते, चुरचुरते. गडी उपरण्याने डोळा चोळतो आणि काम पुढे चालू ठेवतो. रात्री घरात कोणी एरंडेलाचा थेंब घालते. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून 'डोळे आल्याचे' थेंब आणले जातात. त्याने लाली उतरते, बरे वाटते. आठव्या-दहाव्या दिवशी बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो, उजेड सहन होत नाही, डोळा ठणकतो. तरी आठवडी बाजार, वेचणीचे मजूर, कारखान्याची तोड यात आणखी काही दिवस जातात. शेवटी शहरात तज्ज्ञांपुढे बसेपर्यंत दोन-तीन आठवडे उलटलेले असतात. उपचाराने डोळा वाचतोही, परंतु त्यात फूल राहून जाते आणि त्या डोळ्याने पुन्हा पूर्वीसारखे दिसत नाही.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षांवरील लोकांमध्ये मोतीबिंदू हेच अंधत्वाचे पहिले कारण आढळले. परंतु ५० वर्षांखालील वयात हा क्रम बदलतो. तेथे बुबुळावरील फूल पहिले आहे. म्हणजे ऐन कामाच्या वयातील माणसाची नजर याने जाते. मोतीबिंदूची नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत येते, पण फुलाचे तसे नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

पारपटल : डोळ्याची काच

आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात 'कॉर्निया' हा शब्द येतो तो याच पडद्यासाठी. त्याची रुंदी साधारण ११ ते १२ मिलिमीटर आणि मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर प्रकाश आरपार गेला नसता. त्याचे पोषण बाहेरून अश्रूंवर आणि आतून डोळ्यातील पाण्यावर होते. रक्तपुरवठा नसल्यामुळे शरीराची रोगप्रतिकारक फौज तेथे लवकर पोहोचत नाही.

या पडद्याचा सर्वात वरचा थर खरचटला तर तो एक ते तीन दिवसांत आपोआप भरून येतो आणि मागे खूणही राहत नाही. जखम त्याखालच्या थरात गेली किंवा तिच्यात जंतू शिरले, तर मात्र ती भरताना पांढरा वण धरते. हा वण म्हणजेच फूल. ते मधोमध असेल तर नजर जाते, कडेला असेल तर पुष्कळदा बचावते. फूल थेंबांनी विरघळवण्याचे औषध नाही. तसे सांगून विकल्या जाणाऱ्या सुरम्यावर किंवा काजळावर पैसे घालवू नयेत.

तुरीची मर आणि डोळ्यातील बुरशी

शेतकऱ्याला हा भाग समजायला शहरी माणसापेक्षा सोपा आहे. तुरीची मर फ्युजॅरियम या बुरशीमुळे होते हे आपल्याला ठाऊक आहे. हरभऱ्याची मरही त्याच कुळातील दुसऱ्या जातीमुळे होते. भुईमुगाच्या शेंगेवर आणि ओलसर मक्यावर वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी ॲस्परजिलस कुळातील आहे. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात पारपटलाच्या बुरशीजन्य व्रणात सर्वाधिक आढळणारी दोन कुळे हीच आहेत. माती, पालापाचोळा, कडबा, भुसा यांवर त्यांचे बीजाणू असतातच. निरोगी डोळ्याला त्यांच्यापासून सहसा अपाय होत नाही. पण पानाच्या धारेने पारपटल खरचटले की बुरशी आपल्या हातानेच पेरल्यासारखे होते. थंड देशांत असे व्रण फारच कमी आढळतात. आपल्याकडे ते शेतकामाशी जोडलेले आहेत.

बुरशी सावकाश वाढते. इजा झाल्यानंतर काही दिवस विशेष काही वाटत नाही, आठवडाभराने त्रास सुरू होतो. तोपर्यंत पान लागल्याचे माणूस विसरूनही गेलेला असतो. हा ठिपका पांढुरका-राखाडी, कोरडा, किंचित उचललेला असतो आणि त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या दिसतात. कधी त्याच्या शेजारी लहान लहान ठिपके उमटतात. पुढच्या टप्प्यात बुबुळाच्या खालच्या भागात पुवाची पांढरी रेघ साचते. ती रेघ दिसली तर एक दिवसही थांबू नये.

जिवाणूंमुळे होणारा व्रण याउलट झपाट्याने, एक-दोन दिवसांतच वाढतो. त्यात चिकट पू येतो आणि वेदना तीव्र असतात. तिसरा प्रकार विषाणूंचा. त्यात पारपटलावर झाडाच्या फांदीसारखी रेघ उमटते आणि तो एकदा बरा झाला तरी पुन्हा उलटू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तिन्हींत डोळा तांबडाच दिसतो. शिवाय साधे डोळे आले तरी तांबडा, काचबिंदूचा झटका आला तरी तांबडा. पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. नत्र कमी आहे, पाणी साचले आहे की मर लागली आहे, ते आधी पाहतो. मग डोळ्याच्या बाबतीत एवढी घाई का व्हावी?

घरच्या घरी एवढे ओळखता येते. दोन्ही डोळे चिकटत असतील, पण नजर स्वच्छ असेल आणि उजेड सहन होत असेल तर ते बहुधा डोळे आलेले असतात. एकच डोळा दुखतो, उजेडात उघडत नाही, नजर अंधुक झाली आहे किंवा बुबुळावर पांढरे दिसते, यांपैकी एकही लक्षण असेल तर तो पारपटलाचा किंवा आतल्या भागाचा आजार समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दुकानातील थेंब

लाली लवकर उतरवणारे बरेचसे थेंब स्टिरॉइडचे असतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावे असतात. नावाचा शेवट 'सोन' किंवा 'लोन' असा असेल तर सावध व्हावे. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी दाबून टाकते, त्यामुळे लाली आणि ठणका कमी होतो. बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. गुलाबी बोंडअळी लागलेले बोंड बाहेरून शाबूत दिसते आणि आत सरकी पोखरलेली असते, त्यातलाच हा प्रकार. विषाणूंच्या व्रणातही हे थेंब तितकेच घातक आहेत. पुष्कळ बाटल्यांत प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असते, म्हणून 'हे तर अँटिबायोटिक आहे' या भरवशावर राहू नये. शेजाऱ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली बाटली वापरणे तर त्याहून वाईट, कारण तीत बहुधा स्टिरॉइड असते आणि उघडून महिना उलटलेला असतो. जनावराच्या औषधाबद्दलही हेच. गोठ्यातील डोळ्याची ट्यूब माणसाच्या डोळ्याला लावू नये.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच बोलले पाहिजे. मध, अंगावरचे दूध, एरंडेल, झाडपाल्याचा रस, जिभेने किंवा पदराच्या टोकाने कचरा काढणे, हे सारे मायेपोटी केले जाते. परंतु खरचटलेल्या पारपटलावर यांतली कोणतीही गोष्ट निर्जंतुक नाही. जिभेवर जंतू असतात, पाल्यावर बुरशी असते.

तपासणी कशी होते

नेत्रतज्ज्ञ प्रथम स्लिट लॅम्प या यंत्रातून डोळा मोठा करून पाहतात. फ्लुओरेसिन नावाच्या रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवली की निळ्या प्रकाशात जखमेची जागा हिरवी चमकते. यात काहीही दुखत नाही. व्रण असेल तर डोळा बधिर करणारे थेंब घालून व्रणाच्या कडेचा थोडा भाग खरवडून घेतात. 'डोळा खरवडणार' म्हटले की लोक घाबरतात आणि काही जण तेथूनच उठून येतात. वास्तविक सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. तो नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे तंतू असल्यास थोड्याच वेळात दिसू शकतात. उरलेला नमुना वाढवण्यासाठी ठेवतात. त्याचा निकाल यायला काही दिवस लागतात. रोगट पान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दाखवून मगच बुरशीनाशक निवडणारा शेतकरी आपल्याला शहाणा वाटतो. डोळ्याच्या बाबतीत तोच शहाणपणा येथे आहे.

बुरशी ठरली की नॅटामायसिनचे ५ टक्के तीव्रतेचे थेंब हा मुख्य उपचार. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तामिळनाडूतील मदुराई येथील अरविंद नेत्र रुग्णालय व त्याच्या शाखांत झालेल्या चाचणीत व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा हे जुने औषध सरस ठरले, विशेषतः फ्युजॅरियमवर. बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवून घ्यावी, कारण औषध तळाशी बसते. सुरुवातीला दर तासाला थेंब घालावे लागतात, पुढे सुधारणेप्रमाणे डॉक्टर अंतर वाढवतात. उपचार कित्येक आठवडे चालतो. सोबत बाहुली मोठी करणारे थेंब दिले तर नजर आणखी अंधुक वाटते. त्याने घाबरून औषध सोडू नये. माझ्या मते उपचार फसण्याचे निम्मे कारण येथेच आहे. दहा दिवसांत ठणका थांबला की माणूस शेताकडे वळतो आणि थेंब घरात फडताळावर राहतात. बुरशी वरून सुकलेली दिसली तरी खोल थरात जिवंत असू शकते.

किती उशीर चालतो?

नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात गावपातळीवरील आरोग्यसेवकांना डोळ्याचे खरचटणे ओळखायला शिकवून एक पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पारपटल खरचटलेल्या ४४२ जणांना क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावले गेले. इजेनंतर १८ तासांच्या आत आलेल्यांपैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. त्यानंतर जसजसा उशीर होत गेला तसतसे व्रणाचे प्रमाण वाढत गेले. पुढे नेपाळमध्येच झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तीत गावोगाव मलमाची सोय करूनही एकूण व्रणांची संख्या घटलेली दिसली नाही. म्हणून मलम लावून घरी बसावे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अर्थ एवढाच की सकाळी लागलेल्या पानासाठी संध्याकाळपर्यंत डोळा दाखवावा, दुसरा दिवस उजाडू देऊ नये.

दाखवायचा कोठे? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर डोळा पाहून प्रतिजैविकाचे मलम देऊ शकतात. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतील त्या दिवसांची चौकशी करून ठेवावी. पांढरा ठिपका, पुवाची रेघ किंवा नजर कमी झाली असेल तर मधले टप्पे गाळून थेट छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या नेत्ररोग विभागात किंवा अन्य नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

चुना, चीक आणि फवारणी

येथे नियम बदलतो. टोकदार वस्तूच्या इजेत प्रथम डॉक्टर, रासायनिक इजेत प्रथम पाणी.

सर्वात वाईट इजा चुन्याची. मोसंबीच्या खोडाला लावायची बोर्डो पेस्ट तयार करताना, घराला रंग देताना किंवा तंबाखूच्या चुन्याची ट्यूब लहान मुलाने दाबल्याने चुना डोळ्यात उडतो. चुना पारपटलाला चिकटून आत आत शिरत राहतो. त्या क्षणी जे स्वच्छ पाणी हाताशी असेल, विहिरीचे किंवा नळाचे, त्याने डोळा उघडा धरून निदान अर्धा तास सतत धुवावा. वरची पापणी उचलून तिच्या आत अडकलेले कण पाण्याच्या धारेने किंवा ओल्या स्वच्छ कापडाने काढावेत. लिंबू किंवा व्हिनेगर घालून 'उतारा' करू नये. धुणे झाल्यावरच गाडी काढावी. चुन्याची ट्यूब मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, हे तंबाखू खाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते.

रुईचा चीक फसवा आहे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालण्याची आपल्याकडे रीत आहे, खुलताबादच्या भद्रा मारुतीचा परिसर तर सर्वांच्या परिचयाचा. पाने तोडताना हाताला लागलेला चीक डोळ्यात जातो. दुखत फारसे नाही, पण काही तासांनी त्या डोळ्याने धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. चिकामुळे पारपटलाच्या आतल्या थराला इजा होऊन त्याला सूज आलेली असते. लगेच धुऊन वेळेवर उपचार केल्यास नजर बहुधा परत येते. गंमत अशी की या आजारात डॉक्टर स्टिरॉइडचेच थेंब देतात. बुरशीत जे विष, ते चिकाच्या इजेत औषध. म्हणूनच 'त्याला त्या थेंबांनी बरे वाटले होते' हा दाखला डोळ्याच्या बाबतीत उपयोगाचा नाही. शेराचा व निवडुंगाचा चीकही असाच जपून हाताळावा.

फवारणीचा धडा आपल्याला यवतमाळ जिल्ह्याने दिला आहे. २०१७ च्या पावसाळ्यात तेथे कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले आणि अनेकांची नजर काही काळ अंधुक झाली. औषध डोळ्यात उडाले तर १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा, कपडे बदलावेत आणि डब्यावरील लेबलसह रुग्णालय गाठावे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, घाम आणि मळमळ असेल तर तो प्रश्न केवळ डोळ्याचा नसून सर्व अंगात भिनलेल्या विषाचा आहे. पॅराक्वाट हे तणनाशक उडाल्यास पहिल्या दिवशी विशेष वाटत नाही आणि नंतर पारपटलाची साल निघते. त्यामुळे त्रास नसला तरी धुवून दाखवून यावे.

विळा पाजळताना ग्राइंडरची ठिणगी किंवा छिन्नीचा कपचा लागून डोळ्याला भोक पडल्यासारखे, बाहुली वेडीवाकडी झाल्यासारखे वाटले तर मात्र पाणीही मारू नये, थेंब घालू नयेत, दाबू नये. डोळ्यावर दाब न पडेल अशी स्वच्छ वाटी पालथी धरून तडक रुग्णालयात न्यावे.

साधा बचाव

मळणी यंत्र, कडबाकुट्टी, ग्राइंडर आणि फवारणी या चार कामांना बाजूने बंद असलेला प्लॅस्टिकचा चष्मा लावावा. मोटारसायकलवर गॉगल लावणारा तरुण मळणी यंत्रापुढे उघड्या डोळ्यांनी उभा राहतो, हे कोडे मला उलगडलेले नाही. ऊसतोडणीत घामाने काच धुरकट होते ही मजुरांची तक्रार खरी आहे. त्यांनी निदान बाजूला हवेसाठी छिद्रे असलेला चष्मा घ्यावा. उन्हात रुंद काठाची टोपी वापरल्यास डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर वाढणारा वडसही लांबतो. पान किंवा कुसळ लागल्यास हात धुऊन स्वच्छ, उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये, बुबुळात रुतलेला कण काढायला जाऊ नये आणि घट्ट पट्टी बांधू नये.

फूल राहिलेच तर

दाट फुलाला मृत व्यक्तीचे पारपटल बसवणे हा उपाय आहे. पारपटल रोपणाची यशस्वी ठरलेली पहिली शस्त्रक्रिया ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमौत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केली. रुग्ण अलोइस ग्लोगर हा मोलमजुरी करणारा माणूस होता आणि त्याचे दोन्ही डोळे चुन्याने गेले होते. दोन्ही डोळ्यांत रोपण झाले. एक टिकले नाही, दुसऱ्या डोळ्याने तो पुन्हा कामावर गेला. आज तंत्र पुष्कळ सुधारले आहे, पण संसर्गाने खराब झालेल्या आणि रक्तवाहिन्या शिरलेल्या पारपटलावर रोपण टिकणे अजूनही अवघड जाते आणि मिळणारी पारपटले गरजेपेक्षा कमी आहेत. घरात मृत्यू झाल्यास शक्यतो ६ तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे. तोपर्यंत मृताचे डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली किंवा चष्मा असलेली व्यक्तीही नेत्रदान करू शकते.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्याव्यात. कोणत्या पिकात, कोणत्या दिवशी, काय लागले याची कागदावर नोंद, आतापर्यंत डोळ्यात घातलेल्या सर्व औषधांच्या बाटल्या, आणि घरगुती काही घातले असल्यास तेही न लाजता सांगण्याची तयारी. मधुमेह असेल तर तो सांगावा. दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात पाठवले गेल्यास खरवडून घेतलेल्या नमुन्याचा अहवाल मागून घ्यावा, म्हणजे तेथील डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.